वाइन काडीनं पेटली नाही म्हणून

मंडळी, आज मी कोणावर चिडू, तेवढं सांगा.

फळांच्या चवीची म्हणून एक स्वस्तातली लाल वाइन आणलती. म्हटलं, चव पाहून आपल्या ग्रुपवर चार ओळी लिहू. दुपारी दिग्रसच्या घरी बाटली उघडली. पहिल्या घोटात पिकलं जांभूळ, मागून कच्च्या बोराचा तुरटपणा. वा!

दुसरा घोट घेणार, तर महागावचे मामा आले.

मामाले पारख फक्त मोहाच्या दारूची. ती चांगली असली की काडी लावल्यावर निळी पेटते. त्यायनं चमचाभर वाइन घेतली अन् काडी लावली. पेटते कायची?

"भाचेबुवा, दुकानदारानं बनवलं तुमाले. पाणी आहे हे!"

"मामा, हे पेटवाची नाही, चाखाची असते!"

ऐकते कोण? सगळी वाइन तांब्यात ओतली अन् वरून आपल्या पिशवीतली व्हिस्की. "आता आला दम!" बाबाही येऊन बसले अन् दोघायनं शेवचिवड्यासंग तांब्या रिकामा केला.

मग तोंड पुसत मामा मलेच विचारतात, "पण भाचेबुवा, त्या वाइनची चव कशी होती?"

मी तर उठून ताटं वाढाले गेलो.