आईच्या चित्रातलं ऊन

आई पुन्हा गच्चीवर जाऊन बसली होती. एप्रिलची भर दुपार, फरशीवर पाय टेकला की चटका बसेल असं ऊन. मावशींचा फोन आला तशी मी बँकेतून रिक्षा करून घरी आले. मावशी मोहोळकडच्या, आईला सांभाळायला दिवसभर असतात. जिन्यातच भेटल्या. म्हणाल्या, "ताई, लई इनवलं बघा. हात धरला तर हिसडा दिला. तोंड वर करून हसत बसल्यात की."

आई खरंच तशी बसली होती. डोळे मिटलेले, चेहरा लालबुंद, आणि इतकी सुखात की मला तिचा संतापच आला. आदल्या आठवड्यात ऊन लागलं म्हणून तिला सलाईन लावावं लागलं होतं. पुन्हा असं झालं तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. मावशींनी आणि मी तिला अक्षरशः उचलून खाली आणलं आणि त्या दिवशी मी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं.

आई मूळची चेक. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हे तिचं काम. बाबा मागाच्या यंत्रांचं प्रशिक्षण घ्यायला तिकडे गेले आणि सोलापूरला परत येताना शिक्षण आणि बायको, दोन्ही घेऊन आले. घरात दोन भाषा नकोत हा हट्ट तिचाच. मराठी ती भाजीवालीकडून शिकली. त्यामुळे ही गोरीपान बाई मंडईत "लई म्हाग लावलं की वो" असं म्हणायची, आणि पुण्याहून आलेल्या प्रकाशकांशीही तसंच बोलायची. ते बिचारे हसू दाबायला पाणी मागायचे. तिची भाषा मला मात्र कधी आलीच नाही.

इथल्या तिच्या पहिल्या पुस्तकाची गोष्ट बाबा रंगवून सांगायचे. तिने मैदानात खेळणारी मुलं काढली होती आणि वर गोल गरगरीत, हसरा सूर्य. तिकडे हिवाळा संपता संपत नाही. ऊन पडलं की माणसं घराबाहेर धावतात आणि सूर्याला लाडाच्या नावाने हाक मारतात, आपण बाळाला हाक मारतो तशी. पुस्तक घेऊन ती आमच्या जवळच्या शाळेत गेली. चित्र बघून एका मुलीने विचारलं, "बाई, ह्यांना घरात बोलवाया कोन न्हाय व्हय? उनात मरतील की."

आई त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही म्हणे. मग तो अख्खा उन्हाळा ती छत्री घेऊन गावभर सावल्या बघत हिंडली. विजेच्या खांबाच्या बोटभर सावलीत एकामागे एक उभी राहिलेली माणसं तिने बघितली. हातगाडीखाली निजलेली कुत्री बघितली. कडुनिंबाखालची खाट सावली सरकेल तशी सरकवत नेणारी म्हातारी बघितली. त्यानंतरच्या तिच्या प्रत्येक पुस्तकात सावली आली, निळसर जांभळी, अंगावर घ्यावीशी वाटणारी. सावली काढावी तर सोलापूरच्या बाईंनीच, असं प्रकाशक म्हणू लागले. हसरा सूर्य तिने पुन्हा कधी काढला नाही. पुढे पुढे तर सूर्य तिच्या चित्रात दिसायचाच नाही, नुसतं ऊन असायचं.

बाबा गेले आणि आईचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग मराठी गेली. भाजीवालीची ती सगळी भाषा कुठे गेली कोण जाणे. आता ती फक्त चेकमध्ये बोलते, माझ्याशी, मावशींशी, कपाटाशी. मी तिची कोण लागते हे तिला कळतं की नाही, हे मला कळत नाही.

मी मोबाइलवर भाषांतर करून बघितलं. "गच्चीवर ऊन आहे, जाऊ नकोस," असं मोबाइलमधला एक पुरुष तिला चेकमध्ये म्हणाला. आईने मान झुकवून त्याचे आभार मानले असावेत, आणि उठून जिन्याकडे निघाली.

कुलूप घातल्यापासून दुपार झाली की ती दारावर थापा मारते. मावशी कानावर हात ठेवतात. एका रविवारी मला ते सहन होईना. मी कागद घेऊन तिच्या पुढ्यात बसले. चित्रकाराची मुलगी असून माझा हत्ती आणि उंदीर सारखाच दिसतो, तरी काढलं. गच्ची, वर सूर्य, खाली ती, आणि तिचा हात धरून तिला ओढणारी मी. चित्रावर मोठी फुली मारली.

आई हसली. फुलीकडे तिने लक्षच दिलं नाही. माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि माझ्या डोक्यावर कडुनिंबाची फांदी काढली. हात जराही थरथरला नाही. मग पेन्सिल आडवी धरून सावली भरत गेली. माझे केस, खांदे, पार चपलांपर्यंत. तिच्या स्वतःच्या आकृतीपाशी येऊन थांबली.

मी तिच्या आकृतीवर बोट ठेवलं. म्हटलं, "आणि तू?"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी काढलेल्या सूर्याला दोन डोळे आणि एक हसरं तोंड काढलं.

कुलूप मी अजून काढलेलं नाही. माझ्याच्याने होत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिला वर नेते, पण तेवढ्याने तिचं भागत नाही. दुपारी थापा सुरू होतातच. सुट्टीच्या दिवशी मी जिन्यात तिच्या शेजारी जाऊन बसते. थापा मारून दमली की तीही बसते. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येते, ती तिच्या मांडीवर पडते. त्या पट्टीवर हात ठेवून ती बसून राहते. कधी मीही माझा हात तिथे नेते. लगेच ती माझं मनगट धरते आणि माझा हात ओढून सावलीत ठेवते.