खाली लोंबणाऱ्या पट्ट्या

भाजीत केस निघावा तसा चेहरा करून अक्का संगणकाच्या पडद्याकडे पाहत आणि एवढेच म्हणत, "शी!" हा उद्गार कोणीतरी मोठ्या हौसेने काढलेल्या आलेखासाठी असे. सोनेरी चौकट, प्रत्येक पट्टीला सावली, मागे ढगांचे चित्र. मग त्या माउस हातात घेत, चौकट काढत, सावली पुसत, ढग घालवत, आणि काम संपले की व्हरांड्यात जाऊन तांब्याभर पाण्याने हात धुऊन येत. पहिल्यांदा मला तो विनोद वाटला होता. त्या खरोखरच हात धूत.

अक्का आमच्या कार्यालयात कंत्राटी संगणकचालक होत्या. कार्यालय परभणी जिल्ह्यातले, इतकेच सांगतो, कारण तिथली माणसे अजून त्याच खुर्च्यांवर बसतात. त्या गंगाखेडकडच्या शिवभक्त घरातल्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि आवाज असा की शेजारच्या विभागातला माणूस दचकावा. वयाने माझ्याहून लहान असूनही सारे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मी इतिहासाचा एम.ए., तोही पहिल्या वर्गात. पदोन्नतीने पन्नाशीत पाणीटंचाईच्या टेबलावर आलो, तोवर माउसला हात लावलेला नव्हता. कोणाला विचारावे तर जीभ उचलत नसे. दार लोटून मी एकटाच धडपडत असे. अक्कांनी ते तिसऱ्याच दिवशी ओळखले. "सर, दार उघडं ठिवा. चोरी करायलाव का शिकायलाव?"

माझा पहिला आलेख मला अजून आठवतो आणि अजून ओशाळवाणे वाटते. सतरा गावांच्या लोकसंख्येचा, सतरा रंगांचा गोल आलेख, त्याला जाडी दिलेली, प्रत्येक फोड बाहेर ओढून ठेवलेली. अक्कांनी पडदा आपल्याकडे वळवला. "लग्नाचं रुखवत मांडलंय का, सर? यातलं कोणतं गाव मोठं, सांगा बरं." मला सांगता येईना. "तुमी काढलाय अन् तुमालाच कळंना. मग समोरच्यानं काय बघायचं? शी!" त्यांनी गोल मोडून साध्या पट्ट्या केल्या, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावल्या, सतरा रंगांचा एक रंग केला. सगळे मिळून दोन मिनिटे. माझे त्यात अडीच तास गेले होते.

संगणकापूर्वी अक्कांनी कित्येक वर्षे विहिरी मोजल्या होत्या. टोकाला वजन बांधलेला टेप आत सोडायचा, वजन पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आकडा वाचायचा. काठापासून पाणी किती खाली आहे, तो हा आकडा. आकडा मोठा म्हणजे पाणी खोल. या आकड्यांच्या पट्ट्या काढल्या की एक विपरीत गोष्ट होते. ज्या विहिरीत पाणी कमी, तिची पट्टी सर्वांत उंच उभी राहते आणि बघणाऱ्याला तिथेच पाणी भरपूर आहे असे वाटते. म्हणून अक्का उभा अक्ष उलटा करीत. अक्षाच्या पर्यायांत मूल्ये उलट क्रमाने दाखवण्याची एक चौकट आहे, तिच्यावर खूण केली की शून्य वर जाते आणि पट्ट्या वरून खाली लोंबू लागतात. वर मथळा त्या देत, 'काठापासून पाणी किती खाली'. "बघणारा विहिरीच्या काठावर उभा हाय असं समजायचं," त्या म्हणत. "त्याला वाकून बघायला लागलं पायजे."

आमच्या साहेबांना वाकणे मान्य नव्हते. उन्हाळ्यातल्या आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावले. अक्का चुलतभावाच्या लग्नासाठी आठवडाभर गंगाखेडला गेल्या होत्या.

"अहो, हे काय? वटवाघळं टांगल्यासारखं! वरचे साहेब येणार आहेत. सगळं खाली खाली चाललंय असं दिसतं. सरळ करा, हिरवं करा. आणि मथळा केवढा लांब! नुसतं 'पाणीपातळी' लिहा."

"साहेब, पण मग त्याचा अर्थ…"

"अर्थ समजावून सांगायला मी आहे ना?"

मी चौकटीतली ती खूण पुसली. पट्ट्या उड्या मारून उभ्या राहिल्या. हिरवा रंग दिला, मथळा बदलला. खरे सांगायचे तर तो आलेख देखणा दिसत होता, आणि मला तो देखणा वाटला याची आज शिसारी येते.

बैठकीत वरचे साहेब तुपात तळलेले काजू खात पडद्याकडे पाहत होते. "ही सगळ्यांत उंच कोणती?"

"पेडगावच्या पुढची वस्ती, सर," आमचे साहेब म्हणाले.

"एवढं पाणी आहे आणि टँकर पाठवताय? बंद करा तिथला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी काजूच्या बशीकडे पाहिले. त्या वस्तीची एकुलती एक विहीर तळाला गेली आहे, हे त्या खोलीत आम्हा दोघांना ठाऊक होते. साहेबांनी अर्थ समजावून सांगितला नाही आणि मीही सांगितला नाही. टँकर बंद करण्याच्या कागदावर त्याच टेबलावर सही झाली, कागदाला काजूचे तूप लागले, आणि मी तो कागद फाइलला लावला.

अक्का परत आल्या आणि त्यांनी आलेख उघडला. ना शी, ना हात धुणे. कपाटातून टेप काढला. "चला, सर."

पेडगावपर्यंत एसटीने आणि पुढे उन्हात पायी गेलो. विहिरीवर त्यांनी टेप माझ्या हातात दिला. "सोडा." मी सोडत गेलो. आवाज आलाच नाही. वजन चिखलात रुतले. वर ओढले तेव्हा टेपच्या टोकाला काळा, कुबट गाळ चिकटला होता आणि त्यात काहीतरी वळवळत होते.

वस्तीवरच्या एका बाईने आम्हाला सावलीत बसवले. टँकर बंद झाल्यापासून तिथल्या बाया ओढ्यात खड्डा खणून पाणी आणत होत्या. तिने पेला पुढे केला. "घ्या, सायेब. दोनदा गाळलंय." पाणी हिरवट होते आणि त्याला गुरांच्या गोठ्याचा वास होता. तिचा मुलगा खाटेवर पडून होता. जुलाब कालपासून थांबले आहेत, असे ती म्हणाली, जणू आम्हाला काळजी वाटू नये म्हणून. मला पेला ओठांपर्यंतही नेता येईना. अक्कांनी तो माझ्या हातून घेऊन खाली ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "ते हिरव्या पट्टीतलं पाणी हाय, सर. तुमीच रंग दिलाव ना?"

त्याच संध्याकाळी मी टिपणी लिहिली. माझी भाषा चांगली आहे असे लोक म्हणतात. 'आलेखातील अक्षाच्या दिशेमुळे पातळीविषयी गैरसमज झालेला दिसतो', असे मी लिहिले. ती दिशा कोणी बदलली, कोणाच्या सांगण्यावरून बदलली, यातले एक अक्षरही लिहिले नाही. टँकर सुरू झाला. मध्ये अकरा दिवस गेले होते.

पुढच्या महिन्यात कंत्राटांच्या नूतनीकरणाची यादी आली. अक्कांच्या नावापुढे 'आलेखात गंभीर चूक' असा शेरा होता आणि त्यांचे कंत्राट संपले. गैरसमज कोणामुळे झाला हे कागदावर नसल्यामुळे दोष सोयीच्या जागी चिकटवला गेला. मी बसस्थानकावर त्यांना गाठले. त्या मानवतच्या गाडीची वाट पाहत होत्या. तिथे एका कापूस व्यापाऱ्याकडे काम मिळाले होते.

"अक्का, मी सांगायला हवं होतं."

"हवं व्हतं."

"अजूनही सांगतो. उद्याच."

"मला कशाला सांगायलाव? मी का साहेब हाय?" गाडी आली, त्यांनी पिशवी उचलली. "लय चांगलं शिकलाव तुमी, सर. माझ्यापेक्षा झटक्यात करताव आता." त्यांनी हे कौतुकाने म्हटले की किळसेने, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बहुधा किळसेनेच.

तो 'उद्या' उजाडायला वर्षअखेरचा अहवाल यावा लागला. टँकरच्या रोजच्या खेपांचा रेषालेख काढायचा होता. त्या वस्तीची रेघ अकरा दिवसांच्या जागी तुटत होती. रिकाम्या जागी रेघ तुटू द्यायची, शून्यावर उतरवायची की दोन टोके जोडून टाकायची, असे संगणक तिथे विचारतो. साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाकून बोट ठेवले. "हे जोडून टाका."

"नाही जोडत, साहेब."

"काय?"

"त्या दिवसांत टँकर गेला नव्हता. आणि तो माझ्यामुळे गेला नव्हता. पट्ट्या मी उभ्या केल्या होत्या, तुमच्या सांगण्यावरून. अक्कांनी नाही." तेच मी कागदावर लिहिले, दोन्ही नावांसह, आणि तुटक्या रेघेच्या आलेखाला जोडून वर पाठवले. साहेब त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. कागदाचे पुढे काय झाले ते कळलेले नाही.

त्या रात्री मी अक्कांना मानवतला फोन केला. सगळे सांगितले, जरा सविस्तरच. मला शाबासकी हवी होती, हे लिहितानाही लाज वाटते. मागे कोणीतरी कापसाचे वजन ओरडून सांगत होते.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "यंदा त्या विहिरीत किती खाली हाय पाणी?"

मला माहीत नव्हते.

"टेप कपाटातच हाय ना, सर?" अक्का म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.