मेडिकलची पायरी

शिवणवाल्या बाईंना दुकानदार लांबूनच ओळखायचे. गळ्यात मापाची टेप, मांडीवर कापड आखायची लाकडी पट्टी, आणि चाकाच्या खुर्चीच्या दांड्यावर एक हात ठेवून मागून चालणारे ऑपरेटर. ऑपरेटर म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, जन्मापासून अंध. बाईंचे पाय लहानपणीच्या तापात गेलेले. दोघांचा उद्योग एकच, दुकानांच्या पायऱ्या काढायला लावून तिथे उतार करून घेणं.

"आली वरात," कापडवाला गल्ल्यावरून म्हणायचा.

"वरात असती तर जेवण घालावं लागलं असतं. आम्ही नुसता उतार मागतोय, स्वस्तात सुटताय," ऑपरेटर लगेच परतवायचे.

मापं बाई घ्यायच्या, बोलायचे ऑपरेटर. चिडलेल्या लोकांशी गोड बोलण्यात जन्म गेलेला माणूस. तणतणत बाहेर आलेला दुकानदारसुद्धा त्यांच्या आवाजापुढे विरघळून "पाणी घेता का?" वर यायचा. निघताना मात्र बाई स्वतः बजावायच्या, "करायच्या आधी आम्हाला विचारा. आपल्या मनाने काही करू नका." कारण एका बेकरीवाल्याने हौसेनं, न विचारता उतार बांधला होता. तो इतका उभा की बाई त्यावरून निघाल्या असत्या तर थेट समोरच्या सलूनच्या खुर्चीत जाऊन बसल्या असत्या.

सगळ्यांत चिवट निघाला मेडिकलवाला. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण.

"ताई, तुम्ही कशाला आत यायचे कष्ट घेता? बाहेरूनच हाक मारा. मी हातात आणून देतो."

"आणि काय हवंय ते रस्त्यावरून ओरडू? मला काय होतंय ते सगळ्या गल्लीला कळू दे?"

मेडिकलवाला कानापर्यंत लाल झाला. "करू, करू," म्हणाला. मग बरेच महिने त्याला गवंडीच मिळत नव्हता.

बाई भावाकडे राहायच्या. मागची खोली, त्यात मशीन आणि गिऱ्हाइकांच्या कापडांचे गठ्ठे. फेरीच्या दिवशी भाऊ सकाळी कामावर जाताना त्यांना खुर्चीसकट दारापुढच्या पायऱ्या उतरवून द्यायचा आणि संध्याकाळी परत वर घ्यायचा. मधल्या वेळात घरी यायची सोय नव्हती. गावभरच्या उंबऱ्यांना टेप लावणाऱ्या बाईंनी या पायऱ्यांना कधी लावली नाही. भावाच्या घरात राहायचं आणि वर त्याच्याच दाराचं माप काढायचं, हे त्यांना जमत नव्हतं.

"फिरा बाई तुम्ही," वहिनी म्हणायची, "तेवढीच हवा लागते."

हवा कसली, बोलायला माणूस मिळायचं. घरात त्यांच्याशी जे बोललं जाई ते जेवण, औषध आणि दिवा बंद करण्यापुरतं.

शेवटी गवंडी आला तो नेमका ऑपरेटर खोकल्याने घरी होते तेव्हा. बाई दिवसभर उन्हात बसून राहिल्या. मनासारखं काम करून घेतलं. पायरी गेलीच, दुकानापुढची फुटपाथची कडही त्यांनी तासून घेतली. दुकानापासून रस्त्यापर्यंत अंगण सारवल्यासारखं सपाट. बाई आत गेल्या, बाहेर आल्या, उगाचच पुन्हा आत गेल्या. मेडिकलवाला हसून म्हणाला, "आता काय मुक्कामाला येणार?"

ऑपरेटरना त्यांनी फोन केला नाही. पुढच्या फेरीला गुपचूप घेऊन जायचं, त्यांच्या पायालाच कळू द्यायचं, असं मनात होतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर खोकल्याचं औषध आणायला एकटेच निघाले. त्या पायरीवर काठी ठक्क वाजली की मेडिकल आलं, ही त्यांची इतक्या वर्षांची खूण. काठी वाजलीच नाही. फुटपाथही कुठे संपला नाही. ते चालत राहिले, आणि स्कूटर आली.

खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा परगावचा मुलगा आला आणि "आता एकटं राहायचं नाही" म्हणून त्यांचं सामान बांधायला लागला. बाई दवाखान्यात गेल्या तेव्हा तो खाली गाडीची चौकशी करत होता.

"पास झालात बाई," ऑपरेटर म्हणाले. "असा उतार की दुकान कधी आलं नि गेलं, कळलंच नाही."

"थट्टा नका करू."

"मग काय करू? कडेला खरखरीत पट्टी लागते. काठीला, पायाला लागेल अशी."

"मला कुठे माहीत होतं?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ऑपरेटर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच गोड होता. बाईंना तो सहन झाला नाही.

ते मुलाकडे राहायला गेल्यावर बाई एकट्याच मेडिकलवर गेल्या. "आता पुन्हा तोडफोड?" मेडिकलवाला कपाळाला हात लावून म्हणाला. पण या वेळी त्याने महिने घेतले नाहीत. रस्त्याच्या कडेला रेघारेघांच्या फरश्यांची पट्टी बसली. बाईंची चाकं तिच्यावरून खडखडत जायची, दात वाजायचे. पण काठीला ती कळते की नाही, हे त्यांना कोण सांगणार?

त्यांनी फोन लावला.

"ऐका हं." वाकून त्यांनी लाकडी पट्टी फरशीवरून ओढली.

"पुन्हा," पलीकडून आवाज आला. त्यांनी पुन्हा ओढली. "रेघा जवळ जवळ आहेत. थोड्या लांब लांब हव्या होत्या. पण चालेल. कळेल."

"तुम्ही येऊन बघाल कधी?"

पलीकडे मुलाचा आवाज आला, पप्पा, गोळी घ्यायची राहिलीय. "बोलू नंतर," ऑपरेटर घाईने म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांना फोन जोडून दिलेल्या माणसाने आपला फोन ठेवला.

बाई लवकरच घरी आल्या. जाऊन जाऊन कुठे जाणार? पायऱ्यांखाली थांबून त्यांनी हाक मारली. वहिनीने खिडकीतून डोकावून पाहिलं.

"अगबाई, आज इतक्या लवकर? हे यायला अजून वेळ आहे. माझ्याच्यानं काही उचलवणार नाही हो. तुम्ही बाहेरच बसा. काय हवंय ते सांगा, मी आणून देते."

"काही नको," बाई म्हणाल्या.

खिडकी लागली. बाईंनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली. समोर भावाच्या दाराची खालची पायरी होती, हाताच्या अंतरावर. त्यांनी टेप बोटाभोवती घट्ट गुंडाळली, मांडीवर ठेवली आणि भावाची वाट बघत बसून राहिल्या.