बहिणीच्या कॉलेजबद्दल मी काढलेलं पत्रक

मी लिहायला शिकले ती पत्रकांवरून. बाबा विदर्भातून दिल्लीला सरकारी नोकरीत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि चळवळीची पत्रकं जास्त होती, असं आई सांगते. बाकीच्या मुली 'कमळ' गिरवत होत्या त्या वयात मला 'जाहीर निषेध' लिहिता येत होतं. माझं पहिलं स्वतंत्र पत्रक आईविरुद्ध होतं, रोजच्या दुधीच्या भाजीबद्दल. आईने मथळा वाचला आणि त्यावर गरम कढई ठेवली.

पुढे आम्ही सरकारी क्वार्टर सोडून द्वारकेत, बाबांच्या खात्यातल्या लोकांच्या सोसायटीत राहायला गेलो. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. मेट्रोचे नुसते खांब उभे राहत होते. मी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका नावाजलेल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होते. दोन बस, दोन तास जायला, दोन यायला. या प्रवासाचा मला फार अभिमान होता. कॉलेजच्या उंच लोखंडी फाटकातून आत जाताना आपण इतिहास घडवतोय असं मला रोज वाटे. मग दुपारी एकला वर्ग सुटत आणि मी संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये बसून इतिहासाबद्दल बोलत असे.

माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते तिने कधी भाषणात सांगितलं नाही, म्हणून मला तिच्या निश्चयाबद्दल थोडी शंका होती. बारावीनंतरच्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत तिची सीट थोडक्यात हुकली. वर्षभर अभ्यास करून परत बसायचं तिने ठरवलं. तोवर वर्ष रिकामं जाऊ नये म्हणून कुठेतरी बी.एस्सी.ला नाव घालायचं, जसं दिल्लीत तेव्हा बरेच जण करत. तिचं नाव दोन याद्यांत लागलं: एक माझं कॉलेज, आणि दुसरं घरापासून एका बसच्या अंतरावर असलेलं, ज्याचं नाव सांगितलं की लोक "अच्छा अच्छा" म्हणून विषय बदलत.

तिला दुसरं हवं होतं. मला हा पराभव वाटला.

"मोठ्या मेडिकलला जायचं तर आधीचं कॉलेजही मोठंच पाहिजे," मी म्हटलं.

"यार ताई, पेपरवर कॉलेजचं नाव लिहायचंच नसतं. रोल नंबर असतो फक्त."

"वातावरण असतं."

"वातावरणाला किती मार्क?"

"माझ्या बसमधली एक मुलगी गेल्या वर्षी मेडिकलला लागली. आमच्याच कॉलेजातून."

"ती कोचिंगला कुठे जायची?"

हे मी त्या मुलीला विचारलं नव्हतं. मी फक्त तिचं अभिनंदन केलं होतं आणि तिला एक पत्रक दिलं होतं.

"आणि आपल्या माणसांना ज्या दारांतून आत सोडलं नाही," मी मूळ मुद्द्यावर आले, "त्या दारांतून आपण गेलंच पाहिजे."

"तू जातेस ना रोज? तेवढं बास नाही?"

बाबा ऐकत होते. ते म्हणाले, "तुम्ही दोघी बसून ठरवा." पण माझ्या कॉलेजचं नाव निघालं की ते ऑफिसात कुणाला तरी सांगत असल्यासारखे ताठ बसत, हे आम्हा दोघींना दिसत होतं.

दोघींनी बसून ठरवायचं होतं. मी एकटीने उभ्याउभ्या ठरवलं. त्याच आठवड्यात दिल्लीतल्या आमच्या बौद्ध समाजाचा गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता. आमच्याकडे सत्कारात शाल देत नाहीत, शब्दकोश देतात, आणि दारात कुणी ना कुणी पत्रक वाटतंच. मी करोल बागेतल्या एका छोट्या छापखान्यात गेले. मला दीडशे प्रती हव्या होत्या. छापखानेवाला म्हणाला, "पाँच सौ से कम नहीं छपता, मॅडम." मी पाचशे छापल्या. मथळा होता: 'महाद्वार उघडले!' खाली, समाजाच्या एका कन्येने राजधानीतल्या अग्रगण्य महाविद्यालयात विज्ञान शाखेला प्रवेश घेतला असून वैद्यकीय शिखराकडे तिचे पाऊल पडले आहे, वगैरे. उद्गारचिन्हं अकरा होती. प्रवेश तिने अजून घेतलेला नव्हता.

सभागृहात अध्यक्षांनी माझं पत्रक मोठ्याने वाचलं. बाबांना उभं राहायला सांगितलं. ते उभे राहिले, पुन्हा बसायचं विसरले. टाळ्या चालू असताना बहीण हातातला कागद बघत होती.

"महाद्वार म्हणजे काय?" तिने हळूच विचारलं. दिल्लीत वाढल्यामुळे असले शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

"मेन गेट," मी म्हटलं.

"अच्छा."

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "चला, फी कुठे भरायची ते तरी कळलं." बाबांना त्या टाळ्यांनंतर दुसरं कॉलेज सांगणं तिला जमलं नाही. मला वाटलं, माझा मुद्दा तिला पटला.

एक साधी गोष्ट मला माहीत नव्हती. राज्यशास्त्राला प्रयोगशाळा नसते. झूलॉजीला असते, आणि ती पाचला सुटते. मी त्या कॉलेजात दोन वर्षं होते, पण दुपारी एकनंतर कँटीनच्या पलीकडे कधी गेले नव्हते. बहीण सकाळी सातला निघायची आणि संध्याकाळी साडेसातला जिना चढायची. रविवारच्या कोचिंगच्या सराव परीक्षेत तिचे मार्क आधी थांबले, मग उतरायला लागले. मी तिला जागरूकतेबद्दल एक परिच्छेद ऐकवला. ती ताटावर बसल्या बसल्या झोपली होती.

आईने ताट उचललं आणि मला म्हणाली, "आता हिच्या झोपेविरुद्ध पण काढ एक."

दसऱ्याच्या आधी एकदा मी घरी लवकर आले, तर बहीण जिन्यातच बसलेली. सराव परीक्षेचा निकाल मांडीवर. तिने तो मला दाखवला. मागच्या वर्षीपेक्षाही खाली.

"ताई, असंच चाललं तर या वेळी पण नाही होणार. बिल्कुल नाही," ती म्हणाली. "गेट तुला पाहिजे होतं ना? मला दुपार पाहिजे."

"मग सोड कॉलेज."

"आणि बाबांनी काय सांगायचं? तू पाचशे लोकांना सांगून ठेवलंयस."

"दीडशे," मी म्हटलं. बाकीचे गठ्ठे माझ्या पलंगाखाली होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक कमी लोकांपर्यंत पोचल्याचा मला आनंद झाला.

बाबांना मी सांगितलं. ते म्हणाले, "परीक्षा पुन्हा हुकली तर तिच्याकडे कॉलेजही नसेल, हे कळतंय ना तुला?" मला कळत होतं. मग ते बहिणीकडे वळले. "तुला काय वाटतं?" हा प्रश्न जूनपासून तिला कुणी विचारला नव्हता.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला मी दारात उभी राहून दुसरं पत्रक वाटलं. हाताने लिहून झेरॉक्स केलेलं. 'मागच्या पत्रकात मी बहिणीबद्दल जे जाहीर केलं ते तिला न विचारता केलं होतं. ते कॉलेज तिने सोडलं आहे. ती घरी बसून मेडिकलचा अभ्यास करते आहे. घरी येणाऱ्यांनी कृपया दुपारी बेल वाजवू नये.' उद्गारचिन्ह एकही नाही. अध्यक्षांनी ते वाचून खिशात ठेवलं. आई म्हणाली, "तुझं पत्रक मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं."

त्यानंतर आमच्या घरात दुपारी सात-आठ महिने कुकरची शिट्टीसुद्धा जपून होत असे. मी बाहेर, जिन्यात बसून पाण्याच्या टँकरवाल्याला खुणेने बोलायला सांगत असे. बाबा ऑफिसात काय सांगत होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती लागली. ज्या मेडिकल कॉलेजचं नाव घेताना आमच्या सोसायटीतले लोक आदराने आवाज खाली आणत, तिथेच. प्रवेशाच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. सवयीप्रमाणे मी तिच्या सोडलेल्या कॉलेजची पावती, ओळखपत्र आणि दाखला प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर लावले होते. कुणी विचारलंच तर मला उत्तरही तयार होतं, तीन मुद्द्यांत.

खिडकीतल्या बाईंनी ते कागद बाजूला सारले. "ये सब किसलिए? रैंक कार्ड दीजिए, बारहवीं की मार्कशीट."

बहिणीने दोन्ही दिले. शिक्का बसला. बाईंनी पुढच्या मुलीला बोलावलं.

हॉस्टेलवर जायच्या आदल्या दिवशी बहीण तिचं टेबल आवरत होती. तिने मला एक जाडजूड गठ्ठा दिला, सुतळीने बांधलेला. वर हृदयाची आकृती होती, चार कप्पे, बाण. खाली फिजिक्सची गणितं, मग रसायनांची समीकरणं, पानामागून पान. मी एक पान उलटलं. मागे 'महाद्वार उघडले!'

"तुझ्या पलंगाखालून घेत होते," ती म्हणाली. "कागद चांगला होता ताई. आणि एका बाजूनेच छापलेला."