साडेतीन तारा

माझं पोट मोठं आहे, हे मी आधीच सांगून टाकते, कारण सगळं तिथून सुरू होतं. पोट सपाट असतं तर मी दुकानातली पहिलीच गिटार उचलून एकटीने घरी आणली असती आणि पुढचं काही झालंच नसतं.

राज्याची वाटणी ठरली ते वर्ष. एकाची दोन राज्यं होणार आणि आमचं हैदराबाद दहा वर्षं दोघांचंही राहणार, असं ठरलेलं. मी सरकारी कचेरीत कारकून. कचेरीचीही वाटणी व्हायची होती. कपाटांवर खडूने खुणा झाल्या, हे इकडचं, ते तिकडचं. फायलींचे गठ्ठे बांधले गेले आणि बांधलेला गठ्ठा सोडायचा नाही असा हुकूम निघाला. मग आम्हाला काम काय उरलं? डबा खायचा आणि डबा झाला की आबिड्सच्या बाजारात एक चक्कर मारून यायची. मी आणि अक्का.

अक्का माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. समुद्राकाठच्या जिल्ह्यातली तेलुगू बाई, वीस वर्षांपासून हैदराबादेत. तेलुगूत मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, आमच्यातही म्हणतात. म्हणून पहिल्या दिवशी मी तिला मान देऊन अक्का म्हटलं आणि तिने मला मान देऊन अक्का म्हटलं. तेव्हापासून दोघीही अक्काच. धाकटी कोण हे कुणी विचारलं नाही, कारण चाळिशी ओलांडलेल्या बायका असले प्रश्न एकमेकींना विचारत नसतात. बोलायचो आम्ही हैदराबादच्या दख्खनी हिंदीत. तिची दख्खनी माझ्याहून वाईट होती, पण हे तिला कधीच मान्य नव्हतं.

त्या दुपारी वाद्यांच्या एका जुन्या दुकानात अक्का शिरली ती वीणा बघायला. लहानपणी सहा वर्षं शिकली होती, लग्न झालं आणि सुटली. तिने वीणेची लांबी बघितली, हिमायतनगरच्या आपल्या दोन खोल्या आठवल्या आणि वीणेकडे पाठ केली. मी तोवर भिंतीवरच्या गिटारी बघत होते. माझ्या कॉलेजच्या दिवसांत गिटार पोरंच गळ्यात घालून फिरायची. ती पोरं मला मुळीच आवडायची नाहीत, गिटार मात्र फार आवडायची. दुकानदाराने एक काढून दिली. तिचं पोट हे एवढं, त्यात माझं. मांडीवर घेतली तर उजवा हात तारांपर्यंत पोचेना. अक्का हसून हसून खाली स्टुलावर बसली.

दुकानदार म्हातारा आणि अदबीचा माणूस. तो हसला नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "अम्मा, आपकू पतली बॉडी होना."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझ्या बॉडीचं मी बघून घेईन. तुम्ही गिटारी विका." चांगली पाच मिनिटं बोलले. म्हातारा बिचारा हात जोडून उभा. शेवटी अक्कानेच माझा दंड धरला. जन्म हैदराबादेत गेला माझा, इथे 'चाय होना' म्हणजे चहा हवा, हे मला शेंबड्या पोराइतकं ठाऊक. पण राग आला की मी थेट मराठवाड्यातल्या माझ्या आजोळी जाते, आणि तिथल्या कानाने मला ऐकू आलं, 'तुम्ही बारीक व्हा'. त्याचं म्हणणं इतकंच होतं की तुम्हाला पतल्या बॉडीची गिटार हवी.

ती त्याने आतून आणली. जेमतेम चार बोटं जाड, एका खांद्याला खोल कापलेली, रंग मधाचा. माझ्या पोटावर अशी बसली की जणू माप घेऊनच शिवली होती. कडेला काळी पट्टी, तिच्यात आवाजाची बटणं आणि बॅटरीचा दिवा, बुडाशी वायर लावायचं भोक. म्हातारा म्हणाला, हिला पोट नाही, म्हणून हिचा स्वतःचा आवाज बारीक. वायर लावून आवाजाच्या डब्यात, म्हणजे अँप्लिफायरमध्ये, सोडली की मग ऐका. आतमध्ये चौकोनी बॅटरी असते. वायर लावली की बॅटरी चालू, मग तुम्ही वाजवा नाहीतर झोपा. वाजवून झालं की वायर काढायची, तेवढं विसरायचं नाही. मी मान हलवली. अक्कानेही हलवली, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. तिने डाव्या हाताची बोटं गिटारीच्या गळ्यावर ठेवली होती आणि तीस वर्षांनी ती बोटं आपली आपण चालत होती. गिटार आम्ही दोघींत घेतली, आवाजाचा छोटा डबा मात्र दोघींना एकेक.

एक आठवडा ती माझ्याकडे नल्लकुंट्याला, एक आठवडा अक्काकडे हिमायतनगरला. रविवारी सकाळी अदलाबदल. आमची गिटार म्हणजे दुसरं हैदराबादच झाली.

घरी माझी आई असते. तिने गिटार उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "हिला पोटच नाही, आवाज कुठून यायचा?" मी वायर लावली, बटण पूर्ण फिरवलं आणि आवाजाच्या डब्यासमोरच बसले. तशी बसायची नसते, हे नंतर कळलं. गिटार अशी केकाटली की आईने जाऊन आधी गॅस बंद केला. नवरा आंघोळीतून साबणासकट बाहेर आला. मला मात्र इतका आनंद झाला की मी पुन्हा एकदा तसंच केलं.

शिकवणार कोण? मोबाइलवर बघून बघून शिकलो. दोन महिन्यांत एक गोष्ट कळून चुकली. अक्काचा डावा हात हुशार आणि उजवा नुसता पाहुणा. माझा उजवा हात ठेक्यात पक्का आणि डाव्याची बोटं पुरणपोळ्या लाटण्यापुरती. वर अक्का वीणेच्या सवयीने तार बाजूला ओढायची आणि महिन्याला एक तोडायची. मग एका रविवारी आम्ही सरळ जोडीने बसलो. गिटार माझ्या मांडीवर, अक्का डाव्या बाजूला चिकटून. तारा दाबायच्या तिने, छेडायच्या मी. जाड गिटारीवर हे जमलं नसतं, मध्ये इतकी गर्दी झाली असती. हिच्यावर जमलं. पहिल्यांदा पुरतं एक गाणं सरळ निघालं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला घाबरलो, हसू फुटलं तर ठेका जाईल म्हणून. त्यानंतर रविवारची अदलाबदल म्हणजे दोन-दोन तासांची बैठक झाली. आई पोहे करायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "दोघी मिळून एक बाई झालात."

फक्त ती वायर. अक्काकडून गिटार आली की हमखास वायर तशीच खुपसलेली आणि बॅटरी मेलेली. मी दर वेळी भडकायचे. ती दर वेळी म्हणायची, "हौ अक्का, भूल गई." मी पाकिटं भरून बॅटऱ्या आणून ठेवल्या, पण बोलणं काही सोडलं नाही.

कचेरीत ही गोष्ट लपून थोडीच राहणार. आमच्या हिशेबनीसाने एकदा डबा खाताना गिटारीची वाटणीच करून दाखवली. मालमत्ता अठ्ठावन्न-बेचाळीसने वाटायची म्हणजे सहा तारांतल्या साडेतीन आंध्राला, अडीच तेलंगणाला. सगळे खो खो हसले. मीही हसले आणि मग डब्याला झाकण लावलं. अक्का तिकडची, आंध्राची. आज ना उद्या तिचं टेबल उचललं जाणार, हे मला ठाऊक होतं. गिटारीचं काय करायचं, हा विचार मी तोवर केलाच नव्हता, मुद्दामच केला नव्हता.

त्या रविवारी मी आईला विचारलं. आई पोहे परतत होती. म्हणाली, "मोठीने द्यायचं, धाकटीने घ्यायचं. त्यात विचारायचं काय?" अक्कालाही पटलं, त्यांच्यातही तीच रीत. आता फक्त मोठी कोण तेवढं ठरवायचं होतं. वय सांगायचं म्हणजे काय गंमत आहे? अक्का म्हणाली, यादी लागेल तेव्हा कळेलच.

यादी लागली. कोण कुठल्या राज्यात जाणार, नाव, हुद्दा, जन्मतारीख. मी आधी अक्काचं राज्य बघितलं. तिकडेच होतं. मग जन्मतारीख बघितली. एक जुलै. माझ्या नावापुढेही एक जुलै, सालसुद्धा तेच. वर बघितलं, हिशेबनीस एक जुलै. खाली बघितलं, शिपाई एक जुलै. आमच्या पिढीत आई-बाप पोराला शाळेत नेऊन उभं करायचे, साल तेवढं बरोबर सांगायचे, आणि तारीख विचारली की मास्तरच शाळा सुरू होण्याच्या सुमाराची एखादी ठोकून द्यायचे. अर्धी कचेरी एकाच दिवशी जन्मलेली. आम्ही त्या यादीसमोर भिंतीला टेकून पोट धरून हसलो, आणि आजूबाजूला बदलीच्या काळजीत उभे असलेले लोक आमच्याकडे बघत राहिले.

माझा खरा जन्म कधीचा ते आईला पाठ होतं, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. अक्का म्हणाली, माझ्या अम्माला आठवत नाही. तिची अम्मा दूर गावी, कोण जाऊन विचारणार. तो विषय तिथेच राहिला. कचेरी कधी हलवायची हे सरकारही ठरवत नव्हतं, आम्ही तरी कशाला घाई करायची? दोन वर्षं अशीच गेली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चैनीची दोन वर्षं असावीत.

मग एका रविवारी अक्का नेहमीसारखी स्कूटीवरून आली. मी खोळीची चेन उघडली. वायर काढलेली होती. नुसती काढलेली नाही, नीट गुंडाळून रबर लावून कप्प्यात ठेवलेली. मी वायर लावून बघितली, दिवा हिरवा. बॅटरी कोरी करकरीत.

मी गिटार खाली ठेवली. म्हटलं, "हे काय?"

"ऑर्डर आयी," अक्का म्हणाली. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. कचेरी विजयवाड्याला हलत होती. मग घाईघाईने म्हणाली, अम्माशी बोलणं झालं, तिला आठवलं. मैं उगादी की हूं, तुम पोळे की. उगादी म्हणजे आपला गुढीपाडवा. चांगली पाच महिन्यांनी मोठी. "बडी मैं. रखो." मी वाद घालायला तोंड उघडलं, पण रीत आईनेच सांगितलेली आणि आई दारातच उभी. त्या दिवशी आम्ही वाजवलं नाही. पोहेही तसेच राहिले. ती गेल्यावर मी गिटार कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत सरकवून दिली. पतली असल्याचा तोही एक फायदा.

ती फटीतून फारशी बाहेर आली नाही. मी एकटीने दोनदा प्रयत्न केला. उजवा हात ठेका धरायचा, डावा लाटायला लागायचा. अक्काचा फोन आला की मी खोटंच सांगायचे, रोज वाजवते म्हणून.

दिवाळी आली. नरक चतुर्दशीच्या सकाळी शुभेच्छा द्यायला मी फोन लावला तर उचलला तिच्या अम्माने. आता ती लेकीकडेच राहायला आली होती. मी तेलुगूत विचारलं, अक्का कुठे आहे? म्हातारी म्हणाली, तेल लावून न्हायला बसवलीय, आज तिचा वाढदिवस ना. नरक चतुर्दशीच्या पहाटे झाली, बाहेर फटाके वाजत होते म्हणून सुईणीला माझी हाक ऐकू येईना. मी विचारलं, उगादीला नाही का झाली? म्हातारी हसायला लागली. म्हणाली, पोटच्या पोरीची दिवाळी मी विसरेन होय?

पोळा आधी येतो, दिवाळी नंतर. मी दोन महिन्यांनी मोठी. ती लबाड बाई धाकटी असून मोठी झाली, गिटार मला मिळावी म्हणून. मी फोन ठेवला आणि आधी रडले, मग इतकी चिडले की फराळाचा डबा आणि गिटार घेऊन दुसऱ्याच सकाळी विजयवाड्याची बस धरली. सहा तास गिटार मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, वाजवता का? म्हटलं, अर्धी वाजवते.

अक्काने दार उघडलं. मी खोळ तिच्या अंगावर ढकलली आणि म्हणाले, "मोठी मी. घे." तिने अम्माकडे बघितलं, अम्माने छताकडे. मग आम्ही चपला न काढताच पलंगावर बसलो, गिटार माझ्या मांडीवर, ती डाव्या बाजूला. वायर शोधायचंही सुचलं नाही.

मी आठवडाभर तिला धाकटी बहीण म्हणायचा प्रयत्न केला, तेलुगूत चेल्ली. जिभेवर बसेना. अक्काच राहिली.

गिटार मी तिकडेच ठेवून आले. उन्हाळ्यात तिला राहिलेल्या कागदांसाठी हैदराबादला यावं लागलं. मी भाजी आणायला गेले होते, तेवढ्यात ती खोळ आईकडे ठेवून कचेरीत गेली. म्हणाली म्हणे, आता सहा महिने तुमच्याकडे, मग माझ्याकडे. मी खोळ उघडली. वायर खुपसलेली तशीच. बटण फिरवलं, दिवा नाही. एक तारही तुटलेली, वीणेसारखी ओढून.

मी तिला फोन लावला आणि पोटभर बोलले. पलीकडून आलं, "हौ अक्का, भूल गई." आईने आतून विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, बॅटरी मेली. मग डोळे पुसले आणि नवी बॅटरी आणायला खाली उतरले.