गाणश रसवंती

धाराशिवच्या बस स्टँडजवळ अयोध्याताईंचं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, पाट्या यांतून ढीगभर अक्षरं रोज त्यांच्या हाताखालून जात, पण एखाद्या अक्षरापाशी थांबून बघावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते वाटलं मामांच्या गावी, अणदूरच्या अलीकडं. गावातल्या जुन्या बारवेचा गाळ काढताना लेख कोरलेली एक शिळा निघाली होती. ताई पायऱ्या उतरून खाली गेल्या.

लेख देवनागरीतला, तरी वाचता येईना. अक्षरं रुंद, पोटाशी गोल, टोकं चिमटीत धरून ओढल्यासारखी. त्यांनी शिळेवर कागद धरला, पेन्सिल घासून ठसा घेतला. तो बघून कॉलेजातल्या इतिहासाच्या बाई म्हणाल्या, लेख यादवांच्या काळातला असावा. तेव्हा ‘ए’ची मात्रा बऱ्याचदा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी रेघ ओढत, तिला पडीमात्रा म्हणतात.

ताईंच्या डोक्यातून ती रेघ जाईना. त्या वळणाची अख्खी बाराखडी हातानं काढायला त्या बसल्या. शिळेवर सगळी अक्षरं थोडीच होती? ‘झ’ नव्हता, ‘ठ’ नव्हता. कोरणाऱ्यानं ‘झ’ कसा वळवला असता, या विचारात तव्यावरची भाकरी करपायची. शेवटी अक्षरं स्कॅन करून त्यांनी संगणकावर फॉन्ट तयार केला.

पहिली पाटी महांतप्पांच्या गणेश रसवंतीची. ताईंनी हौसेनं पडीमात्रा ठेवली. ‘णे’ची मात्रा ‘ण’च्या आधी उभी राहिली आणि लोक वाचू लागले ‘गाणश’. हा गाणश तुमच्या घराण्यातला कोण, असंही एकानं विचारलं. महांतप्पा दुकानात आले.

“अक्षर लई देखणं हाय, ताई,” ते म्हणाले, “पर देवाचं नाव लेकराला बी वाचता आलं पायजे.”

ताईंना ते पटलं. त्यांनी मात्रा डोक्यावर नेली, पण तिची जाडी आणि टोक शिळेवरचंच ठेवलं. नवी पाटी बाहेर लागली. जुनी महांतप्पांनी आत टांगली. रस येईपर्यंत गिऱ्हाइकं तिच्यावरची अक्षरं लावून बघतात.

मग यात्रेच्या कमानीवर, कबड्डी संघाच्या टी-शर्टवर ते अक्षर दिसू लागलं. एकानं अख्खी लग्नपत्रिका त्यात मागितली. पाहुण्यांना मुहूर्त वाचता येणार नाही, असं सांगून ताईंनी नवरा-नवरीची नावं तेवढी त्यात घेतली.

परवा रिक्षावाले व्यंकट आले. त्यांना ‘ऑटो स्टँड’ अशी पाटी हवी होती. शिळा कोरणाऱ्याला ‘ऑ’ची गरजच कधी पडली नसणार. ताईंनी वरचा चंद्र आधी बारीक काढला, खोडला, मग शिरोरेघेइतका जाड काढला. व्यंकट टेबलाशी वाकून बघत होते.

“ह्ये तर पयल्यापासनंच असल्यावानी दिसतंय,” ते म्हणाले.

ताईंनी कागद हातभर लांब धरला. चंद्राचं टोक अजून थोडं खाली ओढावं का, ते त्यांचं ठरत नव्हतं.