टेंबलाईचं राहिलेलं बकरं

माझ्या आजारपणात आमच्या घरात सगळ्यात जास्त वजन कुणी कमावलं असेल, तर ते बोकडानं.

नवरा गेला तेव्हा एचआयव्हीवरच्या गोळ्या आमच्यासारख्यांच्या खिशाबाहेरच्या होत्या. माझा नंबर लागेपर्यंत त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागल्या. तरी मी इतकी उशिरा गेले, की तोवर जावेनं माझ्या पितळी डब्यांवर नजर ठेवायला सुरुवात केली होती. सासूबाईंनीच मला उचलून रिक्षात घातलं. शिवाय दोन्हीकडून बंदोबस्त असावा म्हणून टेंबलाईला नवस बोलून टाकला, सून बरी झाली की आषाढात बकरं देतो. मोठं बकरं महाग, म्हणून लगेच एक पिल्लू आणून मंगळवार पेठेतल्या आमच्या दारात बांधलं. त्या दिवशी आम्हा दोघांत त्याचीच तब्येत चांगली होती.

सुरुवातीचे महिने वाईट गेले. उलट्या, अंगभर पुरळ आणि नको नको ती स्वप्नं. दवाखान्याच्या रांगेत कबनूरची एक बाई भेटायची. यंत्रमागांच्या खडखडाटात काम करून तिला ओरडूनच बोलायची सवय, त्यामुळे तिचा आजार अख्ख्या व्हरांड्याला पाठ होता. एका महिन्यात ती आली नाही. पुढच्याही महिन्यात आली नाही. मी कुणाला काही विचारलं नाही, विचारायची भीतीच वाटली.

मग मला भूक लागायला लागली. ती अशी लागली, की तांबड्या रश्श्याच्या पातेल्याचा तळ मीच गाठायची. ब्लाउज उसवून सैल करावे लागले. जावेनं डब्यांवरची नजर काढली.

आषाढ आला, गल्लीत देवीच्या यात्रेचं पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजायला लागलं, आणि दीर रोज बोकडाच्या पाठीवरून हात फिरवून किलोंचा अंदाज घ्यायला लागले. पण सासूबाई देवीच्या व्यवहारात पक्क्या. डॉक्टरच्या तोंडून ऐकल्याशिवाय सुरी नाही म्हणाल्या, आणि माझ्याबरोबर दवाखान्यात येऊन त्यांनी डॉक्टरला सरळ विचारलं, ही बरी झाली का? डॉक्टर तरुण आणि सरळमार्गी. त्याने समजावलं, आजी, आजार जात नाही, दबून राहतो. गोळ्या चुकवल्या नाहीत तर सून तुमच्याएवढी म्हातारी होईल, पण बरी झाली असं मी म्हणणार नाही.

घरी येऊन सासूबाईंनी बोकडाला कोथिंबिरीच्या काड्या घातल्या. ते वर्ष टळलं. पुढच्या वर्षी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. बोकड दाराएवढा झाला, दिरांची नवी लुंगी त्यानं निम्मी खाल्ली. गल्ली त्याला पावणं म्हणायची, कारण तो आला होता खरा, पण जायचं नाव घेत नव्हता.

शेवटी दिरांचा संयम संपला. वहिनी भरलेला सिलिंडर एकटी उचलतात, आता आणखी बरं म्हणजे काय व्हायचं, असं त्यांनी आईला विचारलं. सासूबाईही थकत चालल्या होत्या. नवस आपल्या हातानं फिटावा, ही त्यांची तळमळ. त्यांनी मनाशी एक इलाज काढला. गोळ्या बंद करून बघायचं, म्हणजे बरी आहे की नाही ते कळेल. संध्याकाळी गोळीची वेळ झाली आणि डबी जागेवर नव्हती.

मी आयुष्यात सासूशी तशी भांडले नव्हते. सगळं घर उलटंपालटं केलं. "आत्याबाई, तुमच्या लेकाला गोळ्या मिळाल्या न्हाईत म्हणून तो गेला. मला मिळत्यात, तर तुम्ही लपवताय व्हय?" असं मी तोंडावर विचारलं. बोकडाच्या पेंडीच्या पोत्यात हात घालून सासूबाईंनी डबी काढली, पदरानं पुसली आणि पाण्याचा तांब्याही स्वतः आणून दिला.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन टेंबलाईला निघाल्या. दीर सुरीला धार लावून तयार, पण बोकडाला दारातच ठेवलं. हातात फक्त आषाढात देवीला घालतात त्या पंचगंगेच्या नव्या पाण्याचा कलश. देवळाच्या टेकडीवर ही गर्दी, मागून बायका ढकलतायत, आणि सासूबाई देवीसमोर पाय रोवून उभ्या. शेजारच्या बाईशी बोलावं तशा बोलल्या.

"बकरं तुझंच हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर ही बरी व्हनार न्हाई असं डॉक्टर म्हणतोय, म्हंजी तुझं देणं काय फिटत न्हाई. आता हिला सांभाळणं तुझ्याच अंगावर आलं. देणेकरीच मेला, तर वसूल कुणाकडनं करशील?"

मी तिथंच, सगळ्या गर्दीत, हुंदके देऊन रडले. सासूबाईंनी मला रडू दिलं आणि मागच्या बायकांना दम भरला.

पुढे तो बोकड म्हातारा होऊन गेला, आणि त्याच्यानंतर सासूबाई गेल्या. दीर अजून दर आषाढात आठवण करतात, वहिनी, एवढा नवस फेडून मोकळ्या व्हा की. मी गोळी घेते आणि त्यांना सांगते, मला मोकळं व्हायचं नाही.